खान्देशातून देशभरातले झू बघायला निघताना : आपापले अनुभव लिहा

जळगाव :
राम राम मंडळी. दिवाळीनंतर घरच्यांना घेऊन लांबची ट्रीप काढायचीय आणि पोरगी म्हणतेय या वेळी देवळं नको, किल्ले नको, भारतातले जमतील तेवढे झू बघू. मलाही ते मनापासून पटलंय. सुरत लाइन, नागपूर लाइन, खंडव्याची लाइन सगळ्या आपल्याकडूनच जातात, तरी सुरुवात कुठून करावी, एका ट्रीपमध्ये किती घ्यावेत, सोबत आई आहे तर काय बघावं, ज्यांनी ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा.

भुसावळ :
दादा, तिकीट काढायच्या आधी बंदचे वार कागदावर लिहून काढा, अख्खी ट्रीप त्यावरच ठरते. हैदराबादचं नेहरू झू सोमवारी बंद, चेन्नईजवळचं वंडलूर मंगळवारी, म्हैसूर मंगळवारी, बंगळूरचं बनेरघट्टा पण मंगळवारीच, म्हणून साऊथला मंगळवार सरळ गाडीत काढायचा. रविवारी कुठलंच मोठं झू नको, गर्दीत पोरांना फक्त माणसांच्या पाठी दिसतात. वंडलूर 600 हेक्टरच्या वर पसरलंय, तिथे आईंसाठी बॅटरी गाडीचं तिकीट आत शिरल्या शिरल्या घ्या. म्हैसूरचं 1892 सालचं, सावली एवढी की दुपारीपण फिरता येतं, तिथे गोरिला आहेत, जर्मनीहून 2021 मध्ये आणलेले. आमच्या घरात सगळ्यांचं एकमत आहे की एकच झू बघायचं तर म्हैसूर. नवजीवन एक्सप्रेस आपल्याकडून थेट चेन्नईला जाते, रिझर्वेशन 60 दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी बुक करा नाहीतर वेटिंगच.

नंदुरबार :
एवढ्या लांब जायच्या आधी सुरतचं सरथाणा करा ना भाऊ, आपल्या लाइनीवरच आहे, फक्त सोमवार सोडून जा. तिथल्या पाणमांजरांसाठी मी परत परत जातो. मासे टाकायच्या वेळेला उभं राहा, आधी पाण्यावर नुसत्या मिशा आणि चपटी डोकी दिसतात, मग एक जण मासा पकडून काठावर येतो, पुढच्या दोन्ही पंजांत उभा धरतो आणि डोक्याकडून कराकरा चावत जातो, आवाज कठड्यापर्यंत ऐकू येतो, बाकीचे भोवती चीं चीं करत फिरतात. तापीतपण हा प्राणी होता असं आमचे आजोबा सांगायचे. माझ्या पोराने तिथे एवढा वेळ काढला की बाकीचं झू राहून गेलं आणि मला त्याचं फार बरं वाटलं.

धुळे :
गाडी असेल तर शिरपूर, सेंधवा करत इंदूर, दुसऱ्या दिवशी भोपाळ. इंदूरचं शहरातलं आहे, अर्ध्या दिवसात होतं. भोपाळचं वनविहार मोठ्या तलावाला लागून, सायकल भाड्याने घेऊन फिरायचं. तिथले बरेच वाघ, अस्वलं सोडवून आणलेले आहेत, काही सर्कशीतून. मुलांना हे आधी सांगून न्या, बघण्यात फरक पडतो.

चाळीसगाव :
सिंह बघायचे तर जुनागढचं सक्करबाग, 1863 सालचं, गीरच्या सिंहांची पैदास तिथे होते आणि इतर झूंना तिथूनच जातात. बुधवारी बंद. गीरचं जंगल पावसाळ्यात 16 जून ते 15 ऑक्टोबर बंद असतं, सक्करबाग चालू. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून न्या, वाटेत आईंना बाहेरचं खायला लावू नका.

पारोळा :
मला ईस्टबद्दल लिहायचंय. कोलकात्याचं अलिपूर झू आणि दार्जिलिंगचं झू दोन्ही गुरुवारी बंद, त्यामुळे गुरुवारी सियालदाहून रात्रीची गाडी पकडायची. दार्जिलिंगला चढ आहे ताई-दादांनो, गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश जा, पण जाच. आपल्याकडे 45 डिग्रीत राहणाऱ्या माणसाला लाल पांडा झाडाच्या फांदीवर शेपूट अंगाभोवती गुंडाळून झोपलेला दिसतो ना, काय सांगू! इथे जन्मलेले काही लाल पांडे 2003 पासून सिंगालिलाच्या जंगलात सोडलेत. हे ऐकल्यापासून झूकडे बघायची माझी नजरच बदलली. पर्वतारोहण संस्थापण त्याच तिकिटात होते.

चोपडा :
एक कळकळीचं सांगतो. पांढऱ्या वाघासाठी रूट वाकडा करू नका. 1951 मध्ये रीवाकडे पकडलेल्या मोहन नावाच्या पांढऱ्या वाघापासून ही पैदास वाढवली, जवळच्या नात्यात वीण केली, त्यातून तिरळे डोळे आणि बाकीची दुखणी आली, आणि वाघ वाचवायला त्याचा काही उपयोग नाही. ती वेगळी जात नाहीच, रंगाच्या जीनमधला फरक आहे. भुवनेश्वरच्या नंदनकाननला गेलात तर लोक तिथेच रांग लावतात, त्याच झूमध्ये खवल्या मांजराचं प्रजनन केंद्र आहे त्याबद्दल कोणी विचारतपण नाही. हैदराबादनेही पिसोरी हरणं वाढवून जंगलात सोडलीत. अशी कामं जिथे चालतात तिथे जास्त वेळ द्या, आणि दिवसाला एकच झू, दोन अजिबात नको.

जळगाव :
सगळ्यांचे मनापासून आभार. पोरीला वाचून दाखवलं, तिने वहीत वार लिहून घेतले. आधी शनिवारी सरथाणा, मग दिवाळीनंतर नवजीवनने वंडलूर, म्हैसूर, येताना हैदराबाद. दार्जिलिंग पुढच्या मे महिन्यात. पारोळ्याच्या ताई, मे मध्ये तिथे स्वेटर पुरतो का जाड जाकीटच न्यावं लागतं, तेवढं सांगा.