जुन्या फोर बाय फोरचा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बदलायचाय, पण हातच पोचत नाही. सल्ला हवा

चिखलवाट (धागाकर्ता)
मंडळी, गाडी वीस वर्षांहून जुनी आहे. चार सिलिंडर टर्बो डिझेल, १२ व्होल्ट, खालचे गिअर वगैरे सगळं असलेली. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. मागच्या वेळी गिअर ऑइलबद्दल विचारलं तर निम्मा धागा कोणती कंपनी भारी यातच गेला.

लक्षणं: चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर कधी १४.२ व्होल्ट दिसतात, तर कधी १२.३. खड्डा लागला की पडतात, रेस केलं की कधीकधी परत येतात. कंबरभर चिखलपाण्यातून गाडी काढली तेव्हापासून हे सुरू झालंय.

अडचण जागेची आहे. अल्टरनेटर इंजिनच्या बाजूला पार खाली. वर एअर फिल्टरची पेटी आणि टर्बोचा पाइप, एका अंगाला स्टिअरिंग बॉक्स, खाली चेसिस. आणि त्याच्या ढुंगणाला ब्रेकचा व्हॅक्यूम पंप.

वरून काढू, खालून काढू की चाकाच्या कमानीतून? नवा घेऊ, जुना भरून (आतले भाग बदलून दुरुस्त करून) घेऊ की वापरलेला? बजेट नव्या ओरिजिनलच्या निम्म्यात, बेल्टसकट. "थोडं वाढव" असं कृपया कोणी लिहू नका.

टॉर्कराव
थोडं वाढव. ओरिजिनल टाक आणि मोकळा हो. मी टाकला, पुन्हा बॉनेट उघडून त्याच्याकडे बघितलं नाही. स्वस्तातलं घेऊन दोनदा खाली लोळायचं असेल तर तुझी मर्जी.

विंचवाला
निम्म्या किमतीत ६५ अँपिअरचंच काहीतरी मिळेल आणि त्यात दम नसतो. मी १२० चा बसवलाय. विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र), छतावरचे दिवे, फ्रिज, सगळं चालतं. एकदा काढतोच आहेस तर मोठा घे.

कार्बनब्रश
विंचवाले, विंच पूर्ण ओढीवर तीनशे-चारशे अँपिअर खाते. ती बॅटरीवर चालते, तुमचा १२० चा तिथे काय पुरणार? वर १२० अँपिअरला मूळची वायर आणि फ्युजिबल लिंक (जादा करंटला वितळणारा वायरीचा तुकडा) जाड करावी लागते, नाहीतर गरम वायर कुठे जळेल सांगता येत नाही.

चिखलवाट, माझा धंदाच हा आहे. काहीही उघडायच्या आधी मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू ठेवा, हेडलाइट आणि ब्लोअर लावा. मीटरची एक सुई अल्टरनेटरच्या जाड पोस्टवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर. ०.३ व्होल्टहून जास्त फरक आला तर दोष वायरीत किंवा लगमध्ये (वायरीच्या टोकाच्या कडीत) आहे. तसंच अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचा मायनस. तिथे ०.२ हून जास्त असेल तर अर्थिंग खराब. मग मीटर एसीवर टाकून बॅटरीवर बघा. अर्धा व्होल्ट किंवा वर गेला तर डायोड (एसीचा डीसी करणारे) गेलेत. अल्टरनेटर फेकून दिल्यावर दोष अर्थच्या वायरीत सापडला, असे लोक मी रोज बघतो.

जुनाजाणता
आमच्या वेळी अल्टरनेटरऐवजी डायनॅमो होता. खोललं, कार्बन बदलला, वीस मिनिटांत गाडी रस्त्यावर. आता हे सगळं बंद डब्यात. असो. बेल्ट बघितला का? चिखलानंतर बेल्ट घसरतो आणि लोक अल्टरनेटरला शिव्या घालतात.

टॉर्कराव
काका, डायनॅमो आयडलला चार्जच करत नव्हता. संध्याकाळी दिवे लावून सिग्नलला उभं राहिलं की बॅटरी उतरायची.

जुनाजाणता
तुम्ही चालवला होता का डायनॅमो? मी चालवलाय. दिवे पिवळे व्हायचे, पण घरी पोचायचो. तुमचं हे १२० अँपिअर घरी पोचवेलच असं नाही.

विंचवाला
१२० अँपिअरवाला मी आहे, टॉर्कराव नाही.

डांबराबाहेर
माझ्या गाडीत हीच रचना आहे, मी स्वतः काढलाय, म्हणून सविस्तर लिहिते. वरून अजिबात जाऊ नका. वरून फक्त दिसतो, हात जात नाही.

पुढचं त्या बाजूचं चाक काढायचं. गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर), नुसत्या जॅकवर नाही, आणि हे मी गंमत म्हणून सांगत नाही. चाकाच्या कमानीत रबराचा किंवा प्लास्टिकचा पडदा असतो, तो काढला की अल्टरनेटर समोर येतो. खालचं स्किड प्लेटही काढा, व्हॅक्यूम पंपाचे पाइप खालूनच सुटतात.

बॅटरीचा मायनस आधी. जाड वायर थेट बॅटरीला असते, चावी काढली तरी तिच्यात करंट असतो. पाना चेसिसला लागला की ठिणगी, आणि पाना तिथेच चिकटतो.

खालचा लांब बोल्ट हीच खरी डोकेदुखी. गंजलेला असणारच. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी परत मारा. डोकं घसरेल अशा पान्याने हात लावू नका, सहा कोनी बॉक्सच वापरा. बोल्ट सुटला तरी बाहेर येताना चेसिसला अडतो. मी इंजिनचं त्या बाजूचं माउंटिंग सैल केलं आणि सम्पखाली (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली) जाड लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिन दोन-तीन सेंटिमीटर उचललं. तेवढ्यात बोल्ट निघाला. उचलताना रेडिएटरचा पाइप आणि फॅनची जाळी यांच्याकडे लक्ष ठेवा. परत बसवताना बोल्ट उलट्या बाजूने घातला, आता इंजिन न उचलता निघेल.

पाना_तेरा
+१ मायनस आधी काढ.

गंजलेला_नट
बोल्ट उलटा घालायचा सल्ला मला पटत नाही. कंपनीने त्या बाजूने दिलाय म्हणजे काहीतरी विचार केला असेल. नट सैल झाला तर बोल्ट सरकून फॅनमध्ये जाईल.

डांबराबाहेर
कंपनीने इंजिन गाडीबाहेर असताना बोल्ट घातला, तेव्हा चेसिस आडवा येत नव्हता. एवढाच विचार. आणि लॉक नट नावाची वस्तू मिळते.

गंजलेला_नट
ठीक आहे. पण अॅल्युमिनियमच्या सम्पवर जॅक लावू नका, फळी असली तरी. चेपलेला पत्र्याचा सम्प मी बघितलाय, फुटलेला अॅल्युमिनियमचाही.

चिखलवाट
कार्बनब्रश, मोजलं. प्लसच्या बाजूला ०.१५, अर्थच्या बाजूला ०.०८. एसीवर ०.०६. म्हणजे वायर ठीक, डायोड ठीक? बेल्ट ताणलेला आहे काका, बघितला. डांबराबाहेर ताई, खूप आभार. माझा सम्प पत्र्याचा आहे.

कार्बनब्रश
मग ब्रश (फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे तुकडे) झिजलेत किंवा चिखलाने खाचेत अडकलेत. खड्ड्यात सुटतात आणि धक्क्याने परत टेकतात. रेग्युलेटरही (व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा) असू शकतो, बऱ्याचदा दोन्ही एकाच तुकड्यात येतात. खरं तर ब्रश-रेग्युलेटर, दोन बेअरिंग आणि स्लिप रिंगवर (ब्रश टेकतात त्या कड्यांवर) बारीक हात, एवढ्यात काम होईल. बजेटच्या पाव भागात. बेअरिंग घेताना जुन्यावरचा नंबर वाचून घ्या. पुढे बहुतेक ६३०३ निघेल (१७×४७×१४ मिमी), पण गृहीत धरू नका. दोन्ही बाजूंना रबर सील असलेलीच घ्या, चिखलाच्या गाडीला पत्र्याचं झाकण चालत नाही.

आणि कोणी "इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढून बघ" असं सांगितलं तर त्याला गाडीजवळ येऊ देऊ नका. भार एकदम तुटला की व्होल्टेज उसळतं आणि चांगला रेग्युलेटरही जातो.

जुनाजाणता
आम्ही कायम तसंच तपासायचो. वायर काढली, इंजिन बंद पडलं नाही, म्हणजे डायनॅमो चांगला.

कार्बनब्रश
काका, मी तुमच्याबद्दलच लिहीत होतो :)

भंगारवाटेवर
भरून घ्यायचं काम कोणाच्या भरवशावर देऊ नका. माझा एका दुकानात दिला होता. परत आला तेव्हा बाहेरून रंग मारून चकाचक, आत जुनेच बेअरिंग. गाडीत बसवून झाल्यावर आवाज सुरू. म्हणजे सगळं परत खोलायचं. तेव्हापासून मी रंग मारलेली वस्तू बघितली की आधी खरवडून बघतो.

टॉर्कराव
म्हणूनच ओरिजिनल.

पाना_तेरा
वापरलेला तर मुळीच घेऊ नको. तो कुठल्या गाडीचा, किती बुडालेला, कोणाला माहीत. आणि मायनस आधी काढ.

डांबराबाहेर
व्हॅक्यूम पंपाबद्दल कोणी बोललंच नाही, म्हणून परत येते. त्याच्यात इंजिनचंच ऑइल फिरतं. एक बारीक पाइप ऑइल आणतो, एक जाड पाइप सम्पमध्ये सोडतो. बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर नवेच टाका, जुने दाबले गेलेले असतात आणि थेंब-थेंब गळतात. परतीच्या पाइपचं रबर कडक झालं असेल तर तेही बदला. बसवण्यापूर्वी पंपात चमचाभर स्वच्छ इंजिन ऑइल घालून पुली हाताने फिरवा. पंप कोरडा फिरला तर त्याची पाती घासतात. पहिल्यांदा सुरू केल्यावर गाडी हलवायच्या आधी ब्रेक दाबून बघा. पेडल दगड लागलं तर व्हॅक्यूम नाही.

अजून एक. अल्टरनेटरच्या मागच्या कानात (बोल्ट जातो त्या भागात) एक सरकणारं बुश (धातूची नळी) असतं. बोल्ट आवळला की ते सरकून ब्रॅकेटला घट्ट पकडतं, म्हणून जुना निघताना चिकटून बसतो आणि दुसरा मापात असूनही आत जात नाही. बसवण्याआधीच ते बुश वाइसमध्ये थोडं मागे दाबून घ्या. गाडीखाली पाठीवर पडून हातोडी मारण्यात मजा नाही.

शिकाऊ_स्पॅनर
ताई, बुशाचं हे कुठेच वाचलं नव्हतं. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

विंचवाला
२४ व्होल्टची असेल तर हिशेब वेगळा बरं का.

चिखलवाट
पहिल्याच ओळीत १२ लिहिलंय.

विंचवाला
हो, मी सर्वसाधारण सांगत होतो. विंचसाठी २४ चांगलं.

जुनाजाणता
बेल्ट दोन असतील तर दोन्ही एकदम बदला. एक नवा, एक जुना चालत नाही, सगळा भार नव्यावर येतो. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण सेंटिमीटरभर दबला पाहिजे. तंतुवाद्यासारखा ताणू नका, बेअरिंग आणि पाण्याचा पंप दोन्ही खातो. थोडं चालवून परत ताण बघा.

कार्बनब्रश
हे मात्र काकांचं शंभर टक्के बरोबर.

चिखलवाट
काढला एकदाचा. ताईंच्या रस्त्यानेच, कमानीतून. माउंटिंग सैल करावंच लागलं. बुश खरंच चिकटलं होतं.

उघडल्यावर: ब्रश जवळजवळ संपलेले, स्लिप रिंगवर नखाला लागेल अशी खाच, पुढचं बेअरिंग खरखर करतंय. हे सगळं होण्यासारखं होतं. पण पंपाचं सील गेलंय आणि मागच्या झाकणात ऑइल आणि चिखलाचा लगदा झालाय. म्हणजे पंपही आला. आणि खालच्या कानाला बारीक तडा आहे. कार्बनब्रश, या बॉडीत पैसे घालायला मन होत नाही.

तर मी वापरलेला घेतलाय. हेच इंजिन एका व्हॅनमध्येही येतं, पंपासकट. ती व्हॅन डांबर सोडून कुठे गेलेली नाही, आतून कोरडा आणि स्वच्छ निघाला. तिची पुली एका बेल्टची आहे, माझी दोन बेल्टची बदलून लावतोय. कानांचं माप जुळवून बघितलं. ब्रश-रेग्युलेटर आणि सीलबंद बेअरिंग नवे टाकतोय, शिवाय बेल्टची जोडी आणि तांब्याचे वॉशर. सगळं धरून बजेटच्या आत.

पाना_तेरा
सगळ्यांनी नको म्हटलं तेच केलंस. मग धागा कशाला काढलास?

टॉर्कराव
दोन महिन्यांनी याच धाग्यावर भेटू.

कार्बनब्रश
तडा गेलेला कान मी पण भरून दिला नसता. पुलीचा नट सोडताना शाफ्ट धरायला रोटर पक्कडीत धरू नका. एअर गन नसेल तर कोणाकडेही नेऊन तेवढं काम करून घ्या. आणि लाल दिव्याचा बल्ब चालू आहे ना, तेही बघा. या पद्धतीत त्या बल्बमधूनच फील्डला (रोटरच्या वेटोळ्याला) पहिला करंट जातो. बल्ब उडालेला असेल तर नवा अल्टरनेटरसुद्धा आयडलला गप्प बसतो.

चिखलवाट
बल्ब चालू आहे. पुली करून घेतो.

गंजलेला_नट
बोल्ट कोणत्या बाजूने घालणार?

चिखलवाट
उलटा. लॉक नटसकट.

भंगारवाटेवर
जुना फेकणार असशील तर डायोडची प्लेट मला हवी आहे. तू मोजलंस त्यावरून चांगली दिसते. आणि रंग मारून पाठवू नकोस.