गर्द सोडवायला जडीबुटीच्या काळ्या गोळ्या: कुणाला अनुभव आहे का?

लालबागची_ताई
माझा धाकटा भाऊ, वय २४. दोन वर्षं गर्द (ब्राउन शुगर) ओढतोय. नोकरी गेली, आईचं मंगळसूत्रही गेलं. बंद केलं की टर्की येते: नाक-डोळे वाहतात, पोटात पिळा, रात्रभर पाय झाडतो. मामांनी एका जडीबुटीवाल्याकडून बारीक काळ्या गोळ्या आणल्या. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन. चार दिवसांत टर्की गायब! आई म्हणते देव पावला. पण पुडीवर नाव नाही, गाव नाही. चालू ठेवू का?

शिवडीची_काकू
पोरी, गोळी द्यायला उशीर झाला की त्याचं काय होतं ते बघितलंस का?

मी माझ्या मुलाला अशाच गोळ्या ११ महिने दिल्या. तासभर उशीर झाला की जांभया, अंगावर काटा, नाक गळायचं. मला वाटायचं अशक्तपणा आहे. शेवटी लघवी तपासली, त्यात मॉर्फीन, म्हणजे अफूतलं नशेचं द्रव्य, निघालं. गर्द बनवतात अफूपासून, आणि गोळीतही अफूच. मग टर्की येणार कुठून? दोनाच्या आठ गोळ्या झाल्या होत्या. डबी मिसळणाच्या डब्याशेजारी असायची आणि हातावर ठेवणारी मी, त्याची आई. हे आजही घशाखाली उतरत नाही.

आयुर्वेदावर माझा राग नाही. कामिनी विद्रावण रसात अफू असते, पण ते व्यसन सोडवायचं औषध नव्हे. अश्वगंधा, ब्राह्मी टर्की थांबवत नाहीत.

भांडुपकर
काकू, व्यसन सोडवायला डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देतात, तीही अफूच्याच जातीची ना?

शिवडीची_काकू
हो, मीही डॉक्टरांशी यावरून भांडले होते. पण तिचं माप ठरलेलं असतं, असर बराच वेळ टिकतो आणि ठरावीक डोसनंतर नशा वाढत नाही. माझ्या डबीत किती अफू होती ते कुणाला ठाऊक?

ताई, गोळ्या परस्पर बंद करू नकोस. पुडी घेऊनच जा. परळला केईएमच्या मानसोपचार विभागात व्यसनमुक्तीचे उपचार होतात. १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. आणि भावाला एक नक्की सांग: काही दिवस बंद ठेवून पुन्हा पूर्वीइतकंच ओढलं तर श्वास थांबू शकतो. तेवढं पेलायची सवय शरीराला राहिलेली नसते.

लालबागची_ताई
काल गोळी उशिरा दिली. जांभया सुरू झाल्या होत्या. उद्या सकाळी त्याला घेऊन निघते. आईला अजून सांगितलेलं नाही.