एका खोलीतला संसार
जुनी माणसं म्हणतात की पोरांच्या अपेक्षा फार वाढल्यात, आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत वाढलो आणि आताच्या पोरांना पहिलंच घर टूबीएचके लागतं. अहो पण ती खोली परवडत कशी होती तेही बघा ना. मुंबईत गिरगाव-लालबागच्या चाळीत एकदा पगडी (खोली घेताना द्यायची एकरकमी रक्कम) भरली की 1947 च्या भाडे कायद्यामुळे भाडं जवळपास तिथंच थिजायचं, आता वीस वर्षं ईएमआय भरणाऱ्याने संडासासाठी रांग पण लावायची का?

आणि अपेक्षा काय फक्त पोरांच्याच वाढल्यात? वरळीच्या बीडीडी चाळी, म्हणजे इंग्रजांच्या काळात सरकारने बांधलेल्या चाळी, 1920 च्या दशकातल्या, 160 चौरस फुटांची खोली, संडास कॉमन, गावाहून आलेला भाचा गॅलरीत झोपणार. त्याच लोकांना पुनर्विकासात 500 चौरस फुटांचं घर मिळतंय, 2025 मध्ये पहिल्या चाव्या पण दिल्या, तिथं कुठले आजोबा "मला 160 च बरी" म्हणाले असतील असं वाटत नाही मला.

हां, एक मात्र खटकतं, क्लबहाऊस नि स्विमिंग पूल बघून बुकिंग करणं. मेंटेनन्स दर महिन्याला भरायचा, आमच्या सोसायटीतला पूल तर निम्मं वर्ष बंदच असतो.