उत्तर: स्नायू वाढवायला वजनांचा व्यायाम करत असाल तर किती खावं?
'व्यायाम करताय ना, मग दिसेल ते खा' हा सल्ला मला अजिबात पटत नाही. स्नायू वाढण्याच्या वेगाला मर्यादा असते. त्यापलीकडचे उष्मांक चरबी म्हणूनच साठतात.

आधी दोन आठवडे नेहमीचंच खा, पण सगळं मोजून लिहून ठेवा. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. एकेका दिवसाचा आकडा पाहू नका, मिठा-पाण्यानेच तो किलोभर हलतो. सरासरी स्थिर असेल तर तेवढे उष्मांक ही तुमची गरज. त्यावर रोज २५० ते ३०० वाढवा, बस्स.

७० किलोच्या माणसाचं वजन आठवड्याला पाव किलोच्या आसपास वाढलं तर उत्तम. सुरुवातीला जास्त वाढतं. ते बरंचसं पाणी, ग्लायकोजेन (स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर) आणि पोटातलं अन्न असतं, घाबरून खाणं कमी करू नका. पुढे तीन आठवडे सरासरी हललीच नाही तर आणखी १००-१५० वाढवा.

प्रथिनं दर किलो वजनामागे १.६ ते २.२ ग्रॅम, तीन-चार वेळांत विभागून (मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा). बरेच जण हे पाळतात, पण कर्बोदकं (भात, पोळी वगैरे) तोडतात आणि मग व्यायामाच्या शेवटच्या सेटला, म्हणजे शेवटच्या फेरीला, जोरच उरत नाही.