मदत हवी आहे: सॉर्सररच्या वाइल्ड मॅजिकनं पार्टी उडाली, रविवारच्या आत उपाय पाहिजे

राजारामपुरी_डीएम:
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. आम्ही डीएनडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, डाइस टाकून कॅरेक्टर खेळवायचा गेम) खेळतो, मी डीएम, म्हणजे गेम चालवणारा. आमच्यात एकाचा वाइल्ड मॅजिक सॉर्सरर आहे, म्हणजे जादू हाताबाहेर जाणारा जादूगार. परवाच्या सेशनला सर्ज झाला (जादू बिघडली), सर्जच्या यादीवर, म्हणजे टेबलवर, डाइस टाकला तर फायरबॉल (आगीचा स्फोट) आला आणि तोही त्याच्या स्वतःवरच, शेजारी विझर्ड आणि रोग (Rogue, चोर कॅरेक्टर) उभे, दोघंही खल्लास. समोर काय होतं तर चार गॉब्लिन. विझर्डवाल्यानं शीटची घडी करून खिशात घातली, चपला घातल्या आणि गेला, अजून फोन उचलंना. सॉर्सररवाला म्हणतोय टेबलात आहे तेच झालं, माझं काय चुकलं, आणि ते पण खरंय. रविवारी परत बसायचंय. सर्ज बंदच करू का? पण बंद केला तर त्या पोराच्या कॅरेक्टरात राहतंय काय? पटकन सांगा, वेळ नाही.

हुपरीचा_पॅलाडिन:
भावा, एडिशन कुठली, लेव्हल किती, खेळतंय किती जण, काहीच लिहिलं नाहीस, मग काय सांगणार?

राजारामपुरी_डीएम:
फिफ्थ एडिशन ओ. लेव्हल दोन. पाच प्लेअर आणि मी.

हुपरीचा_पॅलाडिन:
लेव्हल दोनला सर्ज होतोय म्हणजे २०१४ चे रूल्स, कारण २०२४ च्यात सॉर्सररला सबक्लासच (वाइल्ड मॅजिक हा त्यातलाच एक) तिसऱ्या लेव्हलला मिळतो. बरं, ते दोघं मेले म्हणजे एचपी (जीवाचे पॉइंट) शून्यावर आले का खरंच मेले? डेथ सेव्ह (शून्यावर आल्यावर जगायचे रोल) टाकले का?

राजारामपुरी_डीएम:
खरंच मेले. डॅमेज ३१, विझर्डचे एचपी १४, रोगचे १५, दोघांचेही सेव्ह (स्फोटातून वाचायचे रोल) फेल. उरलेलं डॅमेज मॅक्स एचपीएवढं किंवा जास्त झालं की डायरेक्ट मरण, डेथ सेव्हचा प्रश्नच नाही. सॉर्सररचा सेव्ह पास झाला म्हणून तो नुसता पडला, त्याला क्लेरिकनं (बरं करणारा पुजारी) उठवला. तेच तर डोक्यात गेलंय सगळ्यांच्या.

जुना_डीएम_शाहूपुरी:
वाइल्ड मॅजिकचा हा ताप जुना आहे, सेकंड एडिशनला १९९१ च्या टोम ऑफ मॅजिक पुस्तकात वाइल्ड मेज आला तेव्हापासून हीच भांडणं चाललीत. माझं मत विचाराल तर सर्ज बंद करा. एकाच्या मजेसाठी बाकी चौघांनी जीव मुठीत धरून का खेळायचं? त्या पोराला ड्रॅगन ब्लडलाइन हा सॉर्सररचा दुसरा प्रकार द्या, विषय संपला.

कागलची_क्लेरिक:
काका, विषय कसा संपला? मी स्वतः वाइल्ड मॅजिक खेळतो, मला कुणी ड्रॅगन घे म्हणलं तर मी पण उठून जाईन. त्यानं ते कॅरेक्टर सर्जसाठीच घेतलंय. डीएमदादा, याआधी काय काय सर्ज आलेत ते सांगा की.

राजारामपुरी_डीएम:
कुंडीतलं झाड झाला एकदा, अंग निळं पडलं, युनिकॉर्न आला, पायाखाली ग्रीस पसरलं, अजून बरंच. तोवर सगळे हसून लोळत होते.

पाचगाव_रोलर:
एक मिनिट. लेव्हल दोनपर्यंत एवढे सर्ज कसे काय? रूलप्रमाणे स्पेलनंतर डीएमनं सांगितलं तर डी२० (वीस बाजूंचा डाइस) टाकायचा, १ आला तरच टेबल. टेबलवर फायरबॉल ०७-०८ ला, म्हणजे शंभरात दोन. वीसात एक आणि पन्नासात एक, गुणाकार केला की हजार स्पेलमागं एकदा. तुम्ही डी२० टाकता का?

राजारामपुरी_डीएम:
नाही. स्पेल मारला की डायरेक्ट टेबल. सुरुवातीला सेशनच्या सेशन सर्जच येत नव्हता, पोरगं तोंड पाडून बसायचं, म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं. कॅन्ट्रिपला (कितीपण वेळा मारता येतो तो छोटा स्पेल) पण घेतो.

पाचगाव_रोलर:
कॅन्ट्रिपला पण?? ही माहिती पहिल्या पोस्टात पाहिजे होती ओ. २०१४ च्यात पहिल्या किंवा त्याच्या वरच्या लेव्हलच्या सॉर्सरर स्पेललाच सर्ज आहे. तुमच्याकडं हा दर राऊंडला फायर बोल्ट मारणार आणि दर वेळी फायरबॉलचा चान्स पन्नासात एक. आज ना उद्या हे होणारच होतं.

हुपरीचा_पॅलाडिन:
मग झालं की, पुस्तकात आहे तसं खेळा.

कागलची_क्लेरिक:
पुस्तकात आहे तसं खेळून बघितलंय का कधी? दुसऱ्या लेव्हलला स्लॉट तीन, म्हणजे दिवसाला तीनच मोठे स्पेल. तिन्ही वापरले तरी दिवसाकाठी सर्ज यायचा चान्स १४ टक्के, तोपण डीएमला रोल मागायची आठवण राहिली तर. त्यांनी रूल बदलला ते काय उगीच नाही. आमच्यात चढता नंबर आहे. पहिल्या स्पेलला १ वर सर्ज, नाही आला तर पुढच्याला १ किंवा २, मग ३ पर्यंत, सर्ज आला की परत १ पासून सुरू. कॅन्ट्रिप धरायचा नाही. चौथ्या-पाचव्या स्पेलला अख्खं टेबल डाइसकडं डोळे लावून बसतंय आणि बाकीचे आपोआप सॉर्सररपासून लांब सरकतात.

पाचगाव_रोलर:
हे चांगलंय. हिशोब केला, पाच स्पेलमध्ये सर्ज यायचा चान्स ५६ टक्के होतो, पुस्तकातल्या रूलनं २३ च्या आसपास.

रंकाळा_डाइस:
डाइस कुठले वापरताय? स्वस्तातले असतील तर आधी तपासून घ्या. ग्लासात कोमट पाणी, त्यात डाइस तरंगंपर्यंत मीठ घालत जायचं, मग टिचकी मारून फिरवायचा. दर वेळी तोच आकडा वर येत असला तर आत हवेचा बुडबुडा आहे, तो डाइस बाद. माझा एक पारदर्शक निळा डी२० असाच निघाला, सारखा १८ वर. मीठ मात्र भरपूर लागतं, चमच्या-दोन चमच्यानं काही होत नाही.

राजारामपुरी_डीएम:
डाइस ठीक आहेत ओ. रविवारचं बोला.

मंगळवार_पेठ_जज:
खरं सांगू का, डीएनडी सोडा आणि डीसीसी (डंजन क्रॉल क्लासिक्स) हा गेम घ्या. तिथं प्रत्येक स्पेलला चेक टाकायचा, जास्त आला तर स्पेल जोरात, १ आला तर मिसफायर नाहीतर करप्शन, म्हणजे विझर्डचं अंगच बदलतंय. त्यात मर्क्युरियल मॅजिक आहे, तोच स्पेल दोन विझर्डांच्या हातात वेगळा वागतो. जादू बेभरवशाची आहे हे सगळ्यांना पहिल्यापासून माहीत असतं, म्हणून कुणी रुसत नाही.

हुपरीचा_पॅलाडिन:
रविवारच्या आत पाच जणांना नवीन सिस्टिम शिकवू म्हणतोस? विझर्डवाला फोन उचलंना तिथं.

मंगळवार_पेठ_जज:
झिरो लेव्हल फनेल एका दुपारात होतो. प्रत्येकी चार गावकरी घ्यायचे, निम्मे मरतात आणि पोरं टाळ्या वाजवतात.

गांधीनगर_गॉब्लिन:
राजारामपुरीत कुठं बसता तुम्ही? मी इथं कधीपासून ग्रुप शोधतोय, सगळे पुण्यातले भेटतात. रविवारी येऊ का? फुटबॉलची मॅच नसली तर मोकळाच असतो.

कागलची_क्लेरिक:
डीएमदादा, अजून एक राहिलं. वाइल्ड मॅजिकची दुसरी पॉवर, टाइड्स ऑफ केऑस, वापरतो का तो सॉर्सररवाला?

राजारामपुरी_डीएम:
अॅडव्हान्टेजवालं (दोन डी२० टाकून मोठा धरायचा) ना? शीटवर आहे. वापरत नाही कधी.

कागलची_क्लेरिक:
मग खरी चावी तीच आहे की! तो अॅडव्हान्टेज घेतो, त्यानंतर पुढच्या स्पेलला तुम्ही डी२० न टाकता डायरेक्ट सर्ज मागू शकता, आणि त्याला टाइड्स लगेच परत मिळतं. म्हणजे सर्ज कधी यायचा ते तुमच्या हातात. पार्टी चिकटून उभी असली तर मागू नका, सॉर्सरर एकटा पुढं गेला की मागा. असं चाललं की पोराला भरपूर सर्ज मिळतात आणि कुणाची मढी पडत नाहीत.

पाचगाव_रोलर:
आणि फायरबॉल काढू नका, भीती गेली की मजा गेली. फक्त डॅमेज लेव्हलप्रमाणे करा. आठ डी६ (सहा बाजूंचे डाइस) म्हणजे सरासरी २८, दुसऱ्या लेव्हलच्या विझर्डला ते मरणच. जेवढी लेव्हल तेवढे डी६ धरा. आत्ता दोन, सरासरी ७, भाजेल पण वाचेल. आठव्या लेव्हलला पूर्ण आठ होतील, तोवर एचपीपण वाढलेले असतात.

जुना_डीएम_शाहूपुरी:
हे सगळं पुढचं झालं. मेलेल्या दोघांचं काय? मेला तो मेला, नवीन कॅरेक्टर करायला सांगा. सेशन मागं फिरवायची सवय लागली तर मरणाला किंमत राहत नाही.

कागलची_क्लेरिक:
काका, लढून मेले असते तर मी पण हेच म्हणलो असतो. चूक नाही, निर्णय नाही, नुसतं शेजारी उभे होते. रिव्हिव्हिफाय हा मेलेल्याला उठवायचा स्पेल त्यांच्या क्लेरिकला पाचव्या लेव्हलशिवाय मिळत नाही आणि तो पण मेल्यापासून एका मिनिटाच्या आत मारावा लागतो. मंदिरातला मोठा पुजारी आणा, रेझ डेड करू दे, ५०० गोल्डचा हिरा त्यानं उधार दिला म्हणा. ते कर्ज फेडायचं हीच पुढची क्वेस्ट.

राजारामपुरी_डीएम:
हे जमतंय. चढता नंबर, कॅन्ट्रिप बाद, फायरबॉल लेव्हलप्रमाणे, टाइड्स माझ्या हातात. हिरा सॉर्सररच्या नावावर लिहितो, फेडायचं त्यानंच. आज संध्याकाळी विझर्डवाल्याच्या घरी जातो, फोनवर काही होत नाही. गांधीनगर, मेसेज करतो तुम्हाला, पण आधी ह्याचं मिटू दे.

मंगळवार_पेठ_जज:
तो नाहीच आला तर फनेलचं बघा. माझ्याकडं गावकऱ्यांच्या शीट छापून ठेवल्यात, कधीपण येऊन घेऊन जावा.