“लई लिवून नेलंतंस, त्याचं काय झालं?” याला काय उत्तर द्यायचं?

माणगंगाकाठ (आटपाडी)

नमस्कार. थोडं लांबेल, पण या कामातल्या माणसांशी बोलायचंच आहे.

मी आटपाडीची. डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला. कॅलिपर (पायाला आधार देणारा लोखंडी सांगाडा) घालते, लांब चालायचं असलं की कुबडी घेते. समाजकार्यात एम.ए. केलं आणि गेली सहा वर्षं दिव्यांगांच्या हक्कांवरच्या संशोधन प्रकल्पांत काम करतेय. वस्त्यांवर जाऊन मुलाखती घ्यायच्या, टॅबवर प्रश्नावली भरायची, रात्री मुक्कामाच्या ठिकाणी टिपणं काढायची, हे माझं काम.

फेब्रुवारीत जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या एका गावी गेले होते. तिकडं घरात कन्नड बोलतात, मराठी कामापुरती. एक मावशी आहेत, पन्नाशीच्या, दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. अंगणात तूर पाखडत बसल्या होत्या. मी ओट्यावर बसताना कॅलिपरची गुडघ्याजवळची कडी वर ओढली, तिचा खटका वाजला. मावशींचे हात थांबले. म्हणाल्या, “तू ती न्हवं का, दोन वर्षांमागं आलतीस? त्या लोखंडाचा आवाज वळकला मी. लई लिवून नेलंतंस. एनायितु? काय झालं त्याचं?”

मला काही बोलता आलं नाही. तो अहवाल झाला, इंग्रजीत झाला, दिल्लीत एका परिषदेत मांडला गेला. त्यात एका तक्त्यात मावशी आहेत, पण एका आकड्याच्या पोटात. गावात त्याची एक प्रतसुद्धा नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला विचारलं होतं, “माझं सर्टिफिकेट हुईल का गं?” आणि आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं तसं मी म्हणाले होते, “मी फक्त माहिती घ्यायला आलेय, मावशी.” आजही त्यांचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र झालेलं नाही. त्या वाक्याची मला आता लाज वाटते.

माझी आणखी एक अडचण आहे. संस्था मला गावात पुढं करते, कारण माझा पाय बघून बाया मोकळ्या होतात. नवऱ्यानं टाकलेलं, सासूनं पंक्तीला बसू न दिलेलं, सगळं सांगतात. आपली समजून सांगतात. आणि मी ते उचलून अशा ठिकाणी पोचवते, जिथं निष्कर्ष काढायची बैठक दुसऱ्या मजल्यावर होते, लिफ्ट नाही, आणि मला फोनवर घेतात. तिथून आलेल्या अहवालावर माझंही नाव असतं.

तर मला हे विचारायचंय. गावात परत जाऊन निष्कर्ष सांगायचे तर कसे, कुणी केलंय का? ज्यांचा खुरपणीचा रोज बुडतो त्यांना वेळेचे पैसे द्यावेत का? आमचे प्रमुख म्हणतात, पैसे दिले की उत्तरं बदलतात. आणि मुलाखतीत समोरच्या माणसाला आत्ता मदत लागतेय असं दिसलं, तर वही मिटवून त्या कामाला लागणं चूक आहे का?

---

सहा_टिंबं (मिरज)

ताई, मी पूर्ण अंध आहे, शाळेत शिकवतो. माझ्याकडं आजवर बरेच संशोधक येऊन गेलेत, म्हणून मी मावशींच्या बाजूनं बोलतो.

एकदा एक मुलगा आला. संमतीपत्र त्यानं मिनिटभरात वाचलं आणि शाईचा पॅड पुढं केला. मी म्हटलं, बाळा, मी बी.एड. आहे, सही करतो. तो गोंधळला, कारण त्याच्या फॉर्मवर अंधांसाठी अंगठ्याचाच चौकोन होता. त्या चौकोनात मला माझी सगळी किंमत दिसली.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 यातलं कलम 6 तुमच्या प्रमुखांपुढं ठेवा. दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचं तर तिची मोकळी, सगळं समजून दिलेली संमती लागते आणि ती तिला कळेल अशा माध्यमातून घ्यावी लागते. शिवाय सरकारनं नेमलेल्या संशोधन समितीची आधी परवानगी लागते. त्या समितीत निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः दिव्यांग किंवा दिव्यांगांच्या नोंदणीकृत संघटनेचे असले पाहिजेत. हे कायद्यात लिहिलेलं आहे, कुणाची मेहरबानी नव्हे. तुमच्या प्रकल्पानं ही परवानगी घेतली होती का, हे लेखी विचारा.

आता मावशींचं. घरात कन्नड बोलणाऱ्या, न दिसणाऱ्या बाईपुढं मराठीत छापलेला कागद धरून काय उपयोग? फोनवर रेकॉर्ड करा. आधी कन्नडमध्ये समजावून सांगा, मग त्यांचं ‘हो’ किंवा ‘नको’ त्यांच्याच आवाजात घ्या. निष्कर्षही तसेच द्या, पाच-सात मिनिटांचा ऑडिओ, साध्या बोलण्यातला. आम्हा अंधांना अहवाल म्हणजे स्कॅन केलेली पीडीएफ पाठवतात, वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला ती कोरी दिसते. आवाज मात्र थेट पोचतो. मावशींनी तुम्हाला आवाजावरून ओळखलं, हे विसरू नका.

---

लेकाची_आई (कोरेगाव)

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला इजा झाल्यानं शरीराच्या हालचालींवर ताबा राहत नाही. बोलता येत नाही, पण सगळं समजतं. ‘हो’ म्हणायचं असलं की डोळे वर करतो, ‘नाही’ असलं की मिटून घेतो.

आमच्या घरी चार वेगवेगळे लोक माहिती घ्यायला आले. चौघांनीही मला विचारलं. जेवतो का, झोपतो का, तुम्हाला किती त्रास होतो. तो खाटेवर बाजूलाच, प्रत्येक शब्द ऐकत. चौथे निघून गेले त्या रात्री तो जेवला नाही.

मग एक मुलगी आली, एम.एस.डब्ल्यू. करणारी. तिनं मला विचारलं, “वहिनी, मी त्याच्याशी बोलू का?” तीन दुपारी आली. एक-एक प्रश्न असा करायची की उत्तर हो किंवा नाही होईल. एका प्रश्नाला कधी दहा मिनिटं लागायची. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, शाळेत जायला काय आवडेल? रिक्षा? डोळे मिटले. बाबांची गाडी? मिटले. एसटी? त्यानं डोळे वर केले ते खाली घेईचना. अकरा वर्षं मी त्याची आई आहे, मला हे ठाऊक नव्हतं. आमच्या दारावरून रोज नऊला एसटी जाते, पोरं ओरडत असतात.

पैशांचं विचारलंत. द्या, ताई. मुलाखत सुरू व्हायच्या आधी पाकिटात घालून द्या आणि सांगा, मध्येच थांबलात तरी हे तुमचंच आहे. म्हणजे पैशासाठी कुणाला बोलावं लागणार नाही. तुमच्या साहेबांना पगार मिळतो म्हणून त्यांचे निष्कर्ष बदलतात का? मग आमचीच उत्तरं का बदलतील?

---

कृष्णा_वेण्णा (सातारा, निवृत्त प्राध्यापक)

माणगंगाकाठ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी पंचवीस वर्षं संशोधन पद्धती शिकवली, आणि “मी फक्त माहिती घ्यायला आलेय” हे वाक्य मीही विद्यार्थ्यांना शिकवलं आहे. खोटी आश्वासनं देऊ नयेत, हा हेतू होता. पण त्या वाक्यानं किती दारं बंद झाली असतील, याचा विचार मी उशिरा केला.

निष्कर्ष परत नेण्याबद्दल माझा अनुभव सांगतो. अख्खा अहवाल नेऊ नका. फक्त त्या गावाचं एक पान करा. पण इथं एक धोका आहे आणि तो मोठा आहे. गावात अंध बायका तीनच असतील, तर “एका अंध महिलेनं घरातल्या मारहाणीविषयी सांगितलं” असं वाचताच सगळ्या गावाला कळतं की कोण. पुण्यात नाव वगळलं की ओळख लपते, वाडीत लपत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीनं असं पान ग्रामसभेत वाचलं. दुसऱ्या दिवशी त्या बाईला माहेरी जावं लागलं. म्हणून घरातलं जे काही असेल ते ज्या बाईनं सांगितलं तिलाच, एकांतात परत सांगा. ग्रामसभेत न्यायचं ते रस्ता, पाणी, रेशन, दाखले आणि निधीचं.

निधी म्हणजे ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्याचा हिशेब ग्रामसभेत मागता येतो. 1 मेची ग्रामसभा जवळ आली आहे. सभा चावडीच्या पायऱ्या चढून असेल, तर ती शाळेच्या मैदानात घ्यावी असा अर्ज आधी द्या.

आकड्यांवरही एक गोष्ट. 2011 च्या जनगणनेत देशात 2.68 कोटी दिव्यांग मोजले गेले, म्हणजे 2.21 टक्के. जागतिक आरोग्य संघटना 2022 मध्ये जगाचं प्रमाण 16 टक्के सांगते. ही तफावत बरीचशी प्रश्न कसा विचारला यातून येते. “घरात कुणी अपंग आहे का?” असं दारात उभं राहून विचारलं की लग्नाची मुलगी असलेलं घर ‘नाही’ म्हणतं. वॉशिंग्टन ग्रुप हा दिव्यांगांच्या आकडेवारीवर काम करणारा आंतरराष्ट्रीय गट, त्याचे सहा प्रश्न अडचण विचारतात. चष्मा लावूनही दिसायला अडचण येते का, चालायला किंवा पायऱ्या चढायला येते का, असं. उत्तरं चार: अडचण नाही, थोडी, खूप, अजिबात जमत नाही. अपंग हा शब्दच येत नाही. मात्र नैराश्यासारखे मानसिक आजार या सहा प्रश्नांतून निसटतात, आणि लहान मुलांसाठी ते पुरेसे नाहीत, त्यांच्यासाठी युनिसेफबरोबर केलेला वेगळा संच आहे. तुमच्या टॅबवर कोणते प्रश्न आहेत ते बघा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. वही मिटवा. नंतर टिपणात प्रामाणिकपणे लिहा की इथं मी मध्ये पडले. त्यानं संशोधन बाटत नाही.

---

पंचायत_कारभार (खानापूर तालुका)

मी ग्रामसेवक आहे. 5 टक्क्यांच्या निधीचं सरांनी बरोबर सांगितलं. आमच्याकडं तो बऱ्याचदा मार्चअखेरीला घाईत खर्च होतो आणि सगळ्यांना एकच वस्तू वाटली जाते, कारण कुणाला काय हवंय याची यादीच नसते. तुम्ही गोळा केलेलं आमच्या कामाचं आहे. पण नावं मला थेट देऊ नका. त्या-त्या माणसानं स्वतः अर्ज द्यावा, तुम्ही फक्त लिहायला हात द्या. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या प्रमाणपत्राचा आणि ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, आधार आणि फोटो लागतो. पुढं तपासणीसाठी बोलावतात, तेव्हा सोबत माणूस लागतो. जतच्या पूर्व टोकाहून सांगली शंभर किलोमीटरच्या पुढं आहे, बहुतेकांचं तिथंच राहतं.

---

माणगंगाकाठ (आटपाडी)

सगळ्यांचे आभार. लेकाची आई, तुमचा मजकूर मी माझ्या आईला वाचून दाखवला. तिला पुढचं ऐकवेना.

काय झालं ते सांगते. प्रमुखांना कलम 6 पाठवून परवानगीचं विचारलं, अजून उत्तर नाही. पुन्हा विचारणार आहे. मानधनाचं पुढच्या प्रस्तावात घालू म्हणालेत.

गेल्या शनिवारी स्वतःच्या खर्चानं गेले. एसटीनं जत, तिथून वडापच्या जीपनं गावापर्यंत. मावशींच्या शेजारची मुलगी बारावीला आहे, ती कन्नडमध्ये छान बोलते. पण आधी सरांचं ऐकून घरातल्या गोष्टी बाजूला काढल्या, तिच्या कानावर नको म्हणून. उरलेलं तिच्या आवाजात सहा मिनिटांत रेकॉर्ड केलं. मावशींनी ऐकलं. “इन्नोम्मे” म्हणाल्या, परत लाव. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “हे चुकलंय.”

आम्ही लिहिलं होतं की रेशन दुकानाच्या उंच पायरीमुळं अंध बायकांना धान्य आणायला त्रास होतो. मावशी म्हणाल्या, पायरी चढायला सून हात देते, तिचं काही नाही. यंत्रावर अंगठाच उमटत नाही. खुरपून, शेण्या थापून बोटाच्या रेघा गेल्यात. तीन-चार वेळा बोट पुसून ठेवायला लावतात, मागची रांग ओरडते, म्हणून त्या जायच्याच थांबल्या. दोन वर्षांपूर्वी मी “दुकानात अडचण येते का?” विचारलं, त्या ‘हो’ म्हणाल्या, आणि पुढची पायरी मी माझ्या पायानं चढले. पायऱ्यांची अडचण माझी होती.

हे दुरुस्तीपत्र म्हणून संस्थेला लेखी कळवलंय, माझ्या सहीनं.

यूडीआयडीचा अर्ज त्या मुलीच्या फोनवरून भरला. सांगलीला बोलावतील त्या दिवशी मी स्टँडवर थांबेन, मावशींबरोबर त्यांची सून येणार आहे.

आता 1 मेच्या ग्रामसभेचं. सभा शाळेच्या मैदानात घ्यायचा अर्ज दिलाय, पोच घेतलीय. त्या गावात ऐकू न येणारे दोन भाऊ आहेत, त्यांना सभेत काय चाललंय ते खुणांच्या भाषेत सांगणारं कुणी हवंय. जत, मिरज, सांगोला, कुठूनही येणारं माणूस माहीत असेल तर कळवा. येण्या-जाण्याचा खर्च आणि दिवसाचं मानधन मी देईन.