अस्थिरोग ओपीडीतील गर्दी आणि संगणकीय नोंदी: सुरुवात कोठून करावी?

प्रश्न: अस्थिरोगतज्ज्ञ, सोलापूर जिल्हा

नमस्कार. मी तालुक्याच्या गावी चौदा वर्षांपासून अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून काम करीत आहे. ओपीडीत रोज साधारण ८० रुग्ण असतात आणि बाजाराच्या दिवशी हा आकडा १२० च्या पुढे जातो. आजवरच्या माझ्या सगळ्या नोंदी केसपेपरवर आणि रुग्ण सोबत आणतो त्या फाइलवर अवलंबून आहेत.

गेल्या पावसाळ्यात मनगटाचे हाड मोडलेल्या एक आजी तिसऱ्या आठवड्यात दाखवायला आल्या. त्यांच्या एक्स-रेच्या फिल्म प्लास्टिकच्या पिशवीत ओल लागून एकमेकींना घट्ट चिकटल्या होत्या आणि हलकेच सोडवू गेलो तरी वरचा थर निघून आला. प्लास्टर घातले त्या दिवशी हाड कसे बसले होते आणि आता ते किती सरकले आहे, हे ताडून पाहायला माझ्यासमोर काहीच उरले नाही. संगणकीय नोंदींकडे वळायचे मी त्याच दिवशी ठरवले.

त्यानंतर एक सॉफ्टवेअर घेऊन सहा आठवडे नेटाने वापरले. दर रुग्णामागे जेमतेम दोन मिनिटे वाढली, परंतु ८० रुग्णांमागे ती अडीच तासांहून अधिक होतात आणि बाहेर प्लास्टरमधला पाय लांब करून बसलेल्या माणसाला ती मोजावी लागतात. कडबाकुट्टीत बोटे सापडलेला एक शेतकरी उठताना म्हणाला, “डॉक्टर, तुम्ही हाताकडं नीट बघितलंच नाही.” मी हात तपासला होता, पण मधला बराच वेळ माझी नजर पडद्यावर होती, हेही तितकेच खरे. त्या आठवड्यात मी ते बंद केले.

पुन्हा सुरुवात करायची आहे. डॉक्टरने स्वतः किती आणि काय नोंदवावे, बाकीचे कोणावर सोपवावे, आणि कायद्याच्या दृष्टीने कशाची काळजी घ्यावी, याबद्दल प्रत्यक्ष वापरणाऱ्यांचे अनुभव समजले तर उपकार होतील.

उत्तर: वरिष्ठ अस्थिरोगतज्ज्ञ, कोल्हापूर

डॉक्टर, आपण मांडलेली अडचण मी पहिली दोन वर्षे भोगली आहे. माझ्या मते चूक एवढीच झाली की केसपेपरवर जे लिहीत होतो तेच सगळे टंकत बसलो. त्यातले पुष्कळसे पुन्हा कोणी वाचत नाही. आपल्या शाखेत तीन गोष्टी मात्र चुकूनही सुटता कामा नयेत: बाजू, हाड आणि दुखापतीची तारीख. माझ्या पडद्यावर सर्वांत वर मोठ्या अक्षरांत “उजवे मनगट, दुखापतीचा १९वा दिवस” असे येते. तारीख एकदाच भरावी लागते, पुढचे दिवस संगणक मोजतो. बारा वर्षांत माझ्या सर्वाधिक कामी आलेली ओळ हीच आहे.

तिचा उपयोग रुग्ण समोर असताना होतोच, पण तो आला नाही तेव्हा अधिक होतो. मनगटाचे हाड ओढून बसवून प्लास्टर केले, तर पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्यात एक्स-रे काढून ते जागेवर आहे की नाही हे पाहावेच लागते, कारण सरकले असेल तर ते लवकर कळले तरच पुन्हा बसवता येते. तीन आठवडे उलटले की ते वाकडेच जुळू लागते आणि मग शस्त्रक्रियेवाचून फारसे काही हाती राहत नाही. आपल्या आजी दुसऱ्या आठवड्यात आल्या होत्या का, हे आपण लिहिलेले नाही. पण त्या आल्या नसत्या तर केसपेपरवरून ते कोणाच्या लक्षात आले असते? आमच्याकडे रोज सकाळी “काल यायला हवे होते, आले नाहीत” अशी यादी निघते आणि रिसेप्शनवरून त्या घरी फोन जातात. कोणाला गाडीभाडे नसते, कोणाचा मुलगा कामावरून सुटलेला नसतो, कोणाला वाटते की प्लास्टर आहे तोवर काळजीचे कारण नाही. फोन केल्यावर बहुतेक जण येतात.

जन्मतः वाकडे पाऊल असलेल्या बाळांच्या बाबतीत तर मी या यादीवर पूर्णपणे विसंबतो. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलावे लागते, प्रत्येक वेळी पिरानी गुणांक (पाऊल किती वाकडे आहे याचे गुण) नोंदवावा लागतो आणि पाऊल सरळ झाल्यावर खरी कसोटी सुरू होते: तीन महिने दिवसाचे २३ तास आणि नंतर चार वर्षांचे होईपर्यंत झोपेत बूट-पट्टी घालायची असते. पाऊल सरळ दिसू लागले की घरचे पट्टी सोडून देतात आणि ते पुन्हा वळू लागते. चार वर्षे एका बाळाचा माग ठेवणे कागदावर मला कधी जमले नव्हते.

एक धोका मात्र आवर्जून सांगतो. मागील भेटीची नोंद एका कळीने जशीच्या तशी पुढे आणण्याची सोय जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते आणि गर्दीत ती फार मोहात पाडते. डाव्या गुडघ्याची संधिवाताची एक रुग्ण आठ महिन्यांनी उजवा गुडघा घेऊन आली. मी जुनी नोंद पुढे ओढली आणि “डावा” हा शब्द तसाच एक्स-रेच्या चिठ्ठीवर गेला. आमच्या तंत्रज्ञाने तिला विचारले म्हणून चूक पकडली गेली. त्या दिवसापासून बाजूचा रकाना प्रत्येक भेटीत रिकामाच उघडतो आणि तो भरल्याशिवाय चिठ्ठी छापली जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजारांच्या वर्गीकरणात मनगटाच्या अशा मोडीला एस५२.५ हा संकेतांक आहे, पण उजवे की डावे हे त्यातून कळत नाही. त्यामुळे निदानाचा संकेतांक भरला म्हणजे नोंद पूर्ण झाली, असे समजू नये.

उत्तर: ओपीडी इन्चार्ज सिस्टर, नाशिक

सर, कोणावर काय सोपवावे, याचे उत्तर आमच्या बाजूने देते. आमच्या ओपीडीत नाव, वय, फोन, दुखापत कशी व कधी झाली, मधुमेह-रक्तदाब, चालू गोळ्या आणि औषधांची ॲलर्जी हे सर्व रुग्ण आत जाण्याआधी बाहेरच्या टेबलावर भरले जाते. बाजू विचारताना आम्ही “डावा की उजवा” असे विचारतच नाही. “जिथं दुखतंय तिथं हात लावून दाखवा” असे म्हणतो आणि पाहून लिहितो, कारण दुखण्याने बेजार झालेला माणूस डावे-उजवे सहज चुकतो. डॉक्टर तपासताना तोंडाने सांगतात, शेजारी बसलेली आमची सहकारी टंकते, आणि रुग्ण उठण्यापूर्वी डॉक्टर एकदा वाचून मान्यता देतात. त्यामुळे त्यांची नजर हाताकडेच राहते.

फोन नंबरबद्दल विशेष काळजी घ्यावी. वयस्कर रुग्ण बहुधा पुण्या-मुंबईतल्या मुलाचा नंबर देतात आणि एकाच नंबरावर घरातली चार माणसे नोंदली जातात. एकाच गावात एकाच नावाच्या तीन बायका आमच्याकडे आहेत. १४ अंकी आभा क्रमांक (आयुष्मान भारत आरोग्य खात्याचा क्रमांक) असेल तर ओळख पटवणे सोपे जाते, परंतु तो नाही म्हणून कोणाला थांबवू नये.

आणखी एक विनंती आहे. डॉक्टरांचाच पासवर्ड सगळ्यांनी वापरण्याची पद्धत पडू देऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा डोस कोणी बदलला, हे एकदा आम्हाला शोधता आले नाही. चूक कोणाची, यापेक्षा रुग्णाला नेमके काय दिले गेले हेच कळेना, याचा त्रास अधिक झाला. प्रत्येकीला स्वतंत्र लॉगिन द्यावे. वीज जाते, म्हणून सकाळीच त्या दिवशीची यादी आणि प्रत्येकाची शेवटची नोंद छापून ठेवावी. इन्व्हर्टर असला तरी हे करावे.

उत्तर: वैद्यकीय-कायदा सल्लागार डॉक्टर, पुणे

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवाव्या लागतात आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. जलद सापडाव्यात म्हणून त्या संगणकावर आणण्याचा प्रयत्न करावा, असेही त्याच नियमांत म्हटले आहे. परंतु अस्थिरोगतज्ज्ञाने तीन वर्षांवर थांबू नये. अपघात आणि मारहाणीच्या प्रकरणांत खटल्याचा शेवट होईपर्यंत नोंद लागते, आणि कोपराजवळ हाड मोडलेले मूल मोठे होईपर्यंत हाताचा कोन बदलताना दिसू शकतो.

इम्प्लांटची नोंद तर रुग्ण हयात असेपर्यंत ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. २०१० साली एका प्रकारचा कृत्रिम खुबा जगभरातून परत मागवण्यात आला, तेव्हा भारतात तो बसवलेल्या हजारो रुग्णांचा माग लागू शकला नाही. शरीरात धातू झिजत असताना ज्याला ते कळवायला हवे, त्याचा पत्ताच कोणाकडे नसावा, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. इम्प्लांटच्या खोक्यातील लॉट क्रमांकाचे स्टिकर एक केसपेपरवर, एक रुग्णाच्या फाइलवर लावावे आणि त्याचा फोटो संगणकात जोडावा.

नोंदीत दुरुस्ती करताना जुना मजकूर पुसला जाऊ नये. कोणी, केव्हा, काय बदलले ते दिसले पाहिजे. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक नोंद सादर करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि असा मागोवा नसेल तर ते देणे अवघड होते. रुग्णांचे एक्स-रे डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप गटांवर नाव न झाकता टाकण्याची सवयही सोडावी लागेल, कारण व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली स्वतंत्र कायदा झाला आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कोल्हापूरच्या सरांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधले. आजी दुसऱ्या आठवड्यात आल्या नव्हत्या. त्यांच्या केसपेपरवर माझ्याच अक्षरात “आठ दिवसांनी एक्स-रे” असे लिहिलेले आहे. त्या आल्या नाहीत, हे माझ्या किंवा माझ्या माणसांच्या ध्यानातच आले नाही.

पुढच्या महिन्यापासून फक्त मोडलेल्या हाडांच्या रुग्णांपासून सुरुवात करतो, पाठ-कंबर-गुडघेदुखी तूर्त कागदावरच राहील. दोन शंका उरल्या आहेत. एक्स-रे संगणकात कसे ठेवावेत? आणि चौदा वर्षांच्या जुन्या केसपेपरांचे काय करावे?

उत्तर: वरिष्ठ अस्थिरोगतज्ज्ञ, कोल्हापूर

आपला निर्णय योग्य आहे. एक्स-रे यंत्र डिजिटल असेल तर प्रतिमा डायकॉम या वैद्यकीय प्रतिमांच्या प्रमाणित स्वरूपातच साठवावी, म्हणजे कोन आणि अंतर नंतरही मोजता येते आणि जुना-नवा एक्स-रे शेजारी लावून पाहता येतो. बाहेरून आलेल्या फिल्मचा मोबाइलवर फोटो घ्यायला हरकत नाही, पण खिडकीसमोर धरून घेऊ नका. व्ह्यू-बॉक्सवर (फिल्म पाहण्याच्या दिव्याच्या पेटीवर) लावून, “आर” किंवा “एल” ही खूण चौकटीत येईल असा घ्या. सॉफ्टवेअर घेतानाच लेखी विचारून ठेवा की उद्या सेवा बंद केली तर सर्व नोंदी आणि प्रतिमा कोणत्या स्वरूपात परत मिळतील. आजाराच्या नावांसाठी ते स्नोमेड सीटी ही प्रमाणित वैद्यकीय शब्दावली वापरते का, हेही पाहावे. भारतात त्याचा वापर विनामूल्य आहे आणि त्याचे काम पुण्याच्या सी-डॅकमधील राष्ट्रीय केंद्र पाहते.

जुने केसपेपर सगळे स्कॅन करायला माणूस बसवू नका, मी बसवला होता आणि चार महिन्यांनी काम अर्धवट सोडावे लागले. जो जुना रुग्ण पुन्हा येईल, त्याच्याच कागदाचा पहिल्या पानाचा आणि शस्त्रक्रियेच्या टिपणाचा फोटो त्याच वेळी घ्यावा. याला अपवाद एकच: ज्यांच्या शरीरात प्लेट, रॉड किंवा कृत्रिम सांधा आहे, त्यांची नावे थिएटरच्या रजिस्टरमधून काढून नाव, फोन, बाजू, इम्प्लांट आणि लॉट क्रमांक एवढेच आधी भरून घ्या. आमच्याकडे एका सिस्टरने रोज दुपारी अर्धा तास बसून हे काम दिवाळीपूर्वी पूर्ण केले होते.